चार नंबरचं जाकीट

बुधवार उजाडला की बाईंना शाळेत जायची भीती वाटायची. एकतीस वर्षं बालवर्गात काढलेल्या बाईला खरं तर कशाची भीती उरायला नको. नाकात वाटाणा घातलेली मुलं, पहिल्या दिवशी दाराच्या कडीला लोंबकळून गळा काढणारी मुलं, आणि त्या मुलांपेक्षा दुप्पट रडणारे त्यांचे बाप, असं सगळं त्यांनी निस्तरलं होतं. पण हल्ली बुधवारी सकाळी त्यांच्या हातांना घाम सुटायचा, आणि तोही कशाने, तर एवढ्याएवढ्या जाकिटांची बटणं लावताना.

जाकिटं अठरा होती. निळी, बिनबाह्यांची, छातीवर घट्ट शिवलेला एक खिसा आणि पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर. खिशात काड्यापेटीएवढं यंत्र. जाकीट मुलाच्या अंगात चढलं की नऊ वाजल्यापासून साडेबारापर्यंत ते यंत्र ऐकत राहायचं. मोठी माणसं या मुलाशी किती बोलली, मूल स्वतः किती बोललं आणि दोघांत बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, एवढंच ते टिपायचं. काय बोलले याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

त्या बुधवारीही मुलं रांगेत उभी राहिली. रांगेत तिसरी मनी होती, दोन्ही हात आधीच पसरून. मनीचं जाकीट चार नंबरचं. बाईंनी ते उचललं, बाजूला ठेवलं, आणि अकरा नंबरचं तिच्या अंगात चढवलं. चार नंबर तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलीला गेलं. या मुलीला सगळी शाळा रेडिओ म्हणायची. झोपेतसुद्धा हिचं तोंड बंद नसतं, असं तिची आई सांगायची, आणि ते खोटं वाटावं असं तिने आजवर काही केलं नव्हतं.

"बाई, हे जाकीट गरम आहे. बाई, माझ्या मामाकडे कासव आहे, ते चावत नाही. बाई, तुम्हाला घाम का आला?"

"आला असाच," बाई म्हणाल्या.

वर्गाची साफसफाई करणाऱ्या मावशी फडकं पिळता पिळता थांबल्या. "अकरा तर रेडिओचं ना हो, बाई?"

"मनीला चार घट्ट होतं."

जाकिटं सगळी एकाच मापाची होती. मावशींनी ती गेले दोन महिने दर गुरुवारी धुतली होती, त्यांना ते ठाऊक असणारच. त्यांनी फडकं पुन्हा पिळायला घेतलं, आणि बाईंना ते जास्त लागलं.

मनी म्हणजे बाईंची नात, लेकीची मुलगी. सव्वातीन वर्षांची, गोरीगोमटी, हसरी, आणि गप्प. तिच्याकडे शब्द होते सहा-सात, तेही घरच्यांनाच कळतील असे. लेकीने दोनदा डॉक्टरांचा विषय काढला होता आणि दोन्ही वेळा बाईंनीच तो उडवून लावला होता. "मी एकतीस वर्षं हेच बघतेय. उशिरा बोलणारी शेकडो पोरं गेली माझ्या हाताखालून. तू स्वतः तीन वर्षांची होईपर्यंत बोटाने दाखवून कामं करून घेत होतीस. आणि जन्मल्यावर कान तपासले होतेच की हिचे." लेक गप्प बसायची. बालवर्गाची बाई घरातच असताना बाहेर कुणाला विचारायला जायचं म्हणजे आईचा अपमानच की. जावई दुसऱ्या गावी नोकरीला, शनिवार-रविवारी यायचा. त्याने एकदा तोंड उघडलं होतं, तर सासूबाईंनी त्याला अर्धा तास बालविकासाचा पाढा वाचून दाखवला. तोही गप्प बसला. घरात एकूण गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती.

तशात शाळेत खडू आली.

खडू हे काही तिचं खरं नाव नव्हे. चोवीस वर्षांपूर्वी ती याच वर्गात होती आणि खडू खायची, म्हणून बाईंनी ठेवलेलं. आता ती शिकूनसवरून संशोधक झाली होती. लहान मुलांच्या मेंदूवर, भाषेवर जे काही शोध लागतात ते मोठमोठ्या ग्रंथांत पडून न राहता वर्गापर्यंत पोचावेत, हा तिचा ध्यास. सगळ्या शहरात तिला कुठलीही शाळा मिळाली असती, पण ती इथे आली. "बाई, मला बोलायला तुम्ही शिकवलंत," ती म्हणाली. बाईंनी तिच्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी, आठवणीने, एक खडू ठेवला. ती कानापर्यंत लाल झाली.

तिने जाकिटं आणली तशी एक युक्तीही आणली. मुलाला काही विचारलं की लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही. हात पाठीमागे घ्यायचा, बोटांवर पाच मोजायचे, मगच पुढचं. मोठ्यांना एक सेकंद पुरतो, लहानांना पाच लागतात. "मला थांबायला शिकवतेस?" असं म्हणून बाई हसल्या होत्या. पण तिसऱ्याच आठवड्यात टेबलाखाली लपून बसणाऱ्या एका मुलाने चौथ्या बोटाला उत्तर दिलं. मार्चपर्यंत ज्याचा आवाज ऐकू येणार नाही असं बाई धरून चालल्या होत्या, त्याने "मला निळा हवा" असं पूर्ण वाक्य टाकलं. तेव्हापासून बाई मनापासून मोजू लागल्या. घरी भाजी निवडतानासुद्धा मोजायच्या.

नियम एकच कडक होता. कुठला नंबर कुठल्या मुलाचा, हे फक्त बाईंच्या वहीत. खडूला ते कळता कामा नये, नाहीतर चेहरा बघून आकड्यांकडे बघण्याची नजर बदलते. म्हणून मुलांनी जाकिटं काढून ठेवल्यावरच ती साडेबाराला यायची आणि यंत्रं घेऊन जायची. अठरा मुलं आणि त्यांचे अठरा आकडे यांच्यामध्ये उभ्या होत्या फक्त बाई.

पहिल्या बुधवारचा कागद चार-पाच दिवसांतच आला होता. अठरा ठिपके. सतरा ठिपके वर-खाली घोळक्याने, आणि एक एकटाच, तळाशी. खडूने त्यावर पेन टेकवलं. "चार नंबर. या मुलाचे कान तपासायला सांगा घरच्यांना. आधी कान, मग बाकीचं."

बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. "त्या दिवशी ताप होता त्याला," त्या म्हणाल्या. आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना, "ऐकू येतं चांगलं. दार आपटलं की वळून बघतो."

"दार आपटल्यावर जमीन हलते, बाई. ते पायांना कळतं. पाठीमागून, सावली पडू न देता, हळू आवाजात हाक मारून बघायची. आणि जन्मल्यावर तपासलेले कान नंतरही जाऊ शकतात." मग ती थोडी थांबली. "ताप होता तर बघू पुढच्या कागदात. पण दोन महिन्यांच्या वर थांबायचं नाही हं. या वयात दोन महिने म्हणजे फार."

पुढच्या बुधवारी बाईंनी जाकिटं बदलली.

का बदलली, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शाळेची अब्रू, स्वतःचा मोठेपणा, सगळं होतं त्यात थोडं थोडं. पण तळाशी होती ती निव्वळ भीती. तो ठिपका पुन्हा खाली दिसला असता तर तो खरा ठरला असता. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत गरुडासारखी नजर असलेली ही बाई. किती आईबापांना तिने समोर बसवून समजावलं होतं की घाबरू नका, कळलेलं बरं असतं. स्वतःवर आलं तेव्हा तिने काय केलं, तर बटणं उघडली आणि लावली.

आज तो पुढचा कागद आला होता. एकदम आठ बुधवारांचा.

मुलं गेल्यावर खडूने तो टेबलावर पसरला. मनी कोपऱ्यात ठोकळे रचत बसली होती. शाळा सुटल्यावर ती रोज बाईंबरोबरच घरी जायची.

"चार नंबर बघा, बाई." खडू खुलली होती. "एका आठवड्यात तळातून थेट वर. ताप होता म्हणालात ते बरोबर होतं." मग तिचं बोट खाली सरकलं. "पण हा अकरा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या वर आणि नंतर तळाला. सलग. असं एकदम पडलं तर कानात अचानक काही बिघडलेलं असू शकतं. फार दिवस घालवता येणार नाहीत. शुक्रवारी अकराला याच्या आईला बोलवा, मी स्वतः बोलते."

"शुक्रवारी?"

"हो. आणि…" ती जरा अडखळली. "एक विचारू? एक वर आणि एक खाली, त्याच आठवड्यात. जाकिटांची अदलाबदल तर नसेल झाली?"

खिडकीतून ऊन येत होतं, मनीच्या केसांवर पडलं होतं. बोलायची वेळ ती होती. दोन शब्दांत काम झालं असतं.

"मी स्वतः घालते जाकिटं," बाई म्हणाल्या.

"सॉरी, बाई. मी विचारायलाच नको होतं." खडूने कागदाची घडी केली. "तुम्ही घालता म्हटल्यावर प्रश्नच नाही."

ती गेली. बाई दाराशी उभ्या राहिल्या. मावशी बाहेर अंगणात नळावर बादल्या घासत होत्या. वर्गात फक्त ठोकळ्यांचा आवाज. मनीची पाठ दाराकडे होती.

बाईंनी चपला काढल्या. जमीन हलू नये म्हणून त्या मुलांच्या खेळायच्या गादीवर चढल्या, ऊन कुठून येतंय ते बघून सावली बाजूला पडेल अशा उभ्या राहिल्या. आठ आठवड्यांत एकदाही त्यांनी हे केलं नव्हतं. शाळेतलं कुठलंही दुसरं मूल असतं तर त्यांनी त्याच दिवशी केलं असतं.

"मने," त्या हळूच म्हणाल्या.

हात आपोआप पाठीमागे गेला. एक, दोन, तीन, चार, पाच.

मनीने लाल ठोकळ्यावर पिवळा ठेवला.

"मनुल्या. बिस्किट हवं?"

एक, दोन, तीन, चार, पाच. मनीने निळा शोधला.

मग बाईंनी तो आवाज काढला. अठरा मुलांचा दंगा एका झटक्यात थांबवणारा, पाठीच्या कण्यातून येणारा आवाज. "मनी."

अंगणातून मावशी धावत आल्या, हातातून पाणी गळत. "काय झालं, बाई?"

मनीने निळा ठोकळा पिवळ्यावर ठेवला आणि तो सरळ बसलाय का ते मान वाकडी करून बघितलं. मग डोळ्यांच्या कडेला मावशींची हालचाल दिसली तशी ती वळली, आजी गादीवर अनवाणी उभी बघून खूश झाली आणि खदखदून हसली.

बाई गादीवरून उतरल्या. त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीपर्यंत वर. त्यांना इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवरा गेला तेव्हाही नाही, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हे अजून होत होतं. दर दिवशी थोडं थोडं होत होतं आणि त्याला त्या स्वतः बटणं लावून देत होत्या.

मावशींनी दुसऱ्यांच्या गोष्टींत फार न शिरण्याचं व्रत घेतलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला आणून ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

गुरुवारी बाईंनी हातवाऱ्यांचं गाणं घेतलं. हात वर, हात खाली, नाकावर बोट, गोल गिरकी. मनीला सगळं यायचं. बाईंनी लेकीला कौतुकाने कितीदा सांगितलं होतं, की बघ, एकही हातवारा चुकत नाही. आज त्या गाण्याकडे न बघता मनीकडे बघत राहिल्या. रेडिओचा हात वर जायचा, मग मनीचा. रेडिओचं बोट नाकावर, मग मनीचं. प्रत्येक वेळी जराशी उशिरा, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी. मनी रोज रेडिओच्याच शेजारी का बसते, आणि रेडिओ आली नाही त्या दिवशी ती रडून का घेते, ते बाईंना एकदम कळलं. पोरगी दिवसभर राबत होती. बाकीची मुलं जे बसल्या बसल्या ऐकत होती ते ती डोळ्यांनी ओढून आणत होती.

त्या दिवशी दुपारी रेडिओची आई फाटकाशी आली. ती शहरातली बस चालवायची, अंगावर कामाचा खाकी कोट असायचा. बाईंना तेव्हाही सांगता आलं असतं. त्यांनी ठरवलंही होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "उद्या अकराला येऊन जा. कानांबद्दल बोलायचंय."

"कोणाच्या कानांबद्दल?"

"संशोधक बाई सांगतील."

रेडिओच्या आईचा चेहरा पडला. तिने मुलीचा हात धरला, सोडला, परत धरला. आपण एका आईचा जीव टांगणीला लावून मोकळ्या झालो, हे बाईंना दिसत होतं. तरी त्या फाटक लावून आत आल्या. भित्र्या माणसाचा राग करू नये म्हणतात, पण हा भित्रेपणा दुसऱ्याच्या घरातली झोप खात होता, आणि त्याचा राग यायलाच हवा.

शुक्रवारी रेडिओची आई अकराच्या दहा मिनिटं आधीच आली. डोळे सुजलेले. बरोबर रेडिओ, जिला आज वर्गात न पाठवता घरी ठेवलं होतं, का ते तिला कळलेलं नव्हतं.

खडूने हळुवारपणे सुरुवात केली. "घाबरू नका. तुमच्या मुलीचं शाळेतलं बोलणं एकदम कमी झालंय, म्हणून फक्त…"

"कमी?" रेडिओची आई म्हणाली.

"आई रात्रभर माझ्या कानाशी चुटक्या वाजवते," रेडिओ टेबलाखालून म्हणाली. "मी सांगितलं, आई, मला झोपू दे, तर तिने परत वाजवली. मग आईच रडली. मग मी तिला पाणी दिलं, पण ते सांडलं. या टेबलाला खालून च्युइंगम चिकटलंय. हे कोणी चिकटवलं?"

खडूने टेबलाखाली बघितलं. कागदाकडे बघितलं. पुन्हा टेबलाखाली. तिच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मग हे यंत्रच चुकतंय," ती पुटपुटली. "अकरा नंबरचं यंत्रच खराब निघालं असणार. आणि एक खराब, तर बाकीच्यांचा काय भरवसा. सगळंच रद्द करावं लागेल." ती रेडिओच्या आईकडे वळली. "माफ करा. तुमची मुलगी ठणठणीत आहे. चूक आमच्या यंत्राची आहे."

रेडिओच्या आईने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांचंही अंग एकदम हलकं झालं. झालं की. यंत्र खराब. कागद रद्द, ठिपके रद्द, जाकिटं परत. कुणाला काही कळायचं कारण नाही, आणि मनी… त्यांनी मागे वळून वर्गात बघितलं. मावशी गोष्ट सांगत होत्या. सोळा मुलं मावशींकडे बघत होती आणि मनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे. आज रेडिओ नव्हती. कधी हसायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती सगळा वेळ थोडी थोडी हसत होती.

"यंत्र बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

दोघी त्यांच्याकडे बघू लागल्या.

"जाकिटं मी बदलली. पहिल्या कागदानंतर. दर बुधवारी, मुद्दाम. अकरा नंबर हिचं, पण ते घालत होती दुसरी मुलगी. चार नंबरवाली."

रेडिओने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं.

"चार नंबर कोण आहे?" खडूने विचारलं.

"माझी नात."

बाईंना वाटलं आता ही ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. खडूने चष्मा काढला, पुसला, घातला. "पहिला कागद आला त्याला दोन महिने होत आले, बाई."

"माहीत आहे."

"मला तुमच्यावर खूप रागवायचंय. पण आधी फोन करू दे." तिने फोन लावला, उठून खिडकीशी गेली, कुणाला तरी विनवलं, कुणाला तरी दटावलं. परत येऊन तिने एक चिठ्ठी लिहिली. "आज तीन वाजता, इस्पितळाच्या कानाच्या विभागात. मुलीची आई बरोबर हवी, सही लागेल. ही चिठ्ठी. नाव तुम्ही लिहा, मला माहीत नाही." मग खालच्या आवाजात, "मुख्याध्यापकांना मला सांगावं लागेल."

"सांग," बाई म्हणाल्या. त्याची भीती त्यांना वाटायला हवी होती, पण भीतीला आता दुसरीकडे जागाच उरली नव्हती.

रेडिओची आई उठली. कोटाची बटणं लावत बाईंच्या समोर आली. "अख्खी रात्र, बाई," ती म्हणाली. एवढंच. मग मुलीला उचलून निघून गेली.

लेक चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. शाळेपासून चालत वीस मिनिटं. वाटेत मनी प्रत्येक पायरीवर चढली आणि उडी मारून उतरली. बाईंनी आज तिला एकदाही ओढलं नाही. मागून सायकलवाले घंटा वाजवत जात होते आणि दर वेळी सायकल शेजारी दिसल्यावरच मनी दचकत होती. हे रोजच होत असणार. रोज बाई तिचं बोट धरून याच रस्त्याने जात होत्या.

दुकान अरुंद आणि लखलखीत होतं. तिन्ही भिंतींवर चष्मे आणि चष्म्यांच्या मधे आरसे. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. लेक काचा पुसत होती. आई भरदुपारी मुलीला घेऊन दारात बघून तिने फडकं खाली ठेवलं.

"काय झालं? ताप आहे का हिला?"

बाईंनी चिठ्ठी पुढे केली. लेकीने ती वाचली. लहान अक्षरं वाचायची तिला सवय होती, तरी तिने ती दोनदा वाचली.

बाईंनी सगळं सांगितलं. पहिला ठिपका, चार नंबर, अकरा नंबर, गादीवरून मारलेल्या हाका. काही वगळलं नाही, मधे रडल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तू दोनदा म्हणाली होतीस डॉक्टरकडे जाऊ. मी जाऊ दिलं नाही." आणि थांबल्या. हात पाठीमागे होता. एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरा हात सुरू झाला. सहा. सात.

लेक काउंटरच्या मागून बाहेर आली. मनी समोरच्या भिंतीशी टाचा उंचावून उभी होती, एक मोठा काळा चष्मा नाकावर धरून. लेक तिच्या मागे चार पावलांवर थांबली. घसा साफ केला.

"मनी," ती हळूच म्हणाली.

मनी गर्रकन वळली आणि आईकडे झेपावली.

लेकीने तिला कवटाळलं. तिच्या तोंडावर अचानक इतका आनंद पसरला की ती पुन्हा पंधरा वर्षांची दिसायला लागली. "ऐकलं तिने," ती म्हणाली. "आई, ऐकलं. किती हळू बोलले होते मी. ऐकलं तिने."

बाईंना वाटलं, असू दे. तीन वाजेपर्यंत तरी असू दे. तीन वाजता काय ते कळेलच, तोपर्यंतचे दोन तास हिला मिळाले तर कुणाचं काय जातं. आठ बुधवार त्या स्वतःला अगदी असंच सांगत आल्या होत्या.

"आरशात बघितलं तिने तुला," त्या म्हणाल्या.

लेकीच्या चेहऱ्यावरचा आनंद लगेच गेला नाही. तो थोडा वेळ तसाच राहिला, कुठे जावं ते न कळल्यासारखा.

बाई पुढे झाल्या. मनीला खाली उतरवलं, तिचं तोंड भिंतीकडे केलं, तो काळा चष्मा पुन्हा तिच्या हातात दिला. मग समोरचा आरसा खुंटीवरून काढला आणि पालथा करून काउंटरवर ठेवला. शेजारचाही काढला. तिसरा त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिला.

"आता मार हाक," त्या म्हणाल्या.

लेक आईकडे बघत उभी होती. मनी दोन्ही हातांनी चष्म्याच्या काड्या उघडत होती, मिटत होती.

"मार," बाई म्हणाल्या. "मी मोजते."